नेवऱ्याचा सॅक्सोफोन : ब्राझ गोन्साल्विस आणि गोव्याच्या बँडवाल्यांची वाट

गोव्याच्या संगीताचा विषय निघाला की आम्ही फोंड्याकडची माणसं लगेच मंगेशी, म्हार्दोळ, कवळे अशी नावं घेतो. देवळातला चौघडा, जत्रेतली नाटकं, मास्टर दीनानाथ, केसरबाई, मोगूबाई. हा अभिमान रास्तच आहे. पण गोव्याच्या संगीताची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू खाडीपलीकडे, तिसवाडी, बार्देस आणि सासष्टीच्या इगर्जींच्या सावलीत वाढली. तिची माहिती आपल्या मराठी वाचकांपर्यंत फार थोडी पोचली. म्हणून या वेळच्या टिपणासाठी मी तिसवाडीतल्या नेवरा गावचा एक माणूस निवडला आहे : सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस.

प्रश्न साधा आहे. भाताची खाजनं, माडांची रांग आणि एक इगर्ज एवढ्या ऐवजाच्या गावातून जाझ वाजवणारा माणूस निघतो कसा? आणि नुसता वाजवणारा नव्हे, तर राग आणि जाझ यांची सांगड घालून 1970 साली तबकडी काढणारा? याचं उत्तर एकट्या ब्राझच्या चरित्रात सापडत नाही. त्याच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांची वाट समजून घ्यावी लागते.

आधी वाद्याविषयी

सॅक्सोफोन दिसतो पितळी, पण तो जातीने लाकडी वाद्यांच्या कुळातला. बेल्जियमच्या आदोल्फ साक्स या वाद्यकाराने तो घडवला आणि 1846 साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. लष्करी बँडात कर्ण्यांचा दणका आणि क्लॅरिनेटची लवचीकता यांच्या मधलं काहीतरी हवं होतं, तेवढ्यासाठी. याच्या तोंडाशी बोरूच्या जातीच्या वेताची एक पात बसवलेली असते. आपल्या सनईला दोन पाती असतात, याला एकच. फुंकल्यावर ही पात थरथरते आणि पुढे रुंदावत गेलेल्या नळीतून आवाज फुगत बाहेर येतो. ट्रम्पेटमध्ये ओठ थरथरतात, इथे पात थरथरते. म्हणून पितळेचा असूनही तो सनई-क्लॅरिनेटचा भाऊबंद.

नळी निमुळती असल्यामुळे एक फायदा होतो. खालच्या सप्तकात बोटं जशी पडतात तशीच वरच्या सप्तकातही पडतात. अंगठ्याने एक चावी दाबली की स्वर सप्तकभर वर उडतो. क्लॅरिनेटचं तसं नाही, तिथे तीच बोटं ठेवली तर वरचा स्वर वेगळाच निघतो. त्यामुळे क्लॅरिनेट शिकलेल्या माणसाला सॅक्सोफोन धरणं सोपं जायचं, आणि नाचाच्या बँडात एकाच माणसाने दोन्ही वाद्यं वाजवायची पद्धत पडली.

आणखी एक गोष्ट, जी पेटी वाजवणाऱ्यांना लगेच कळेल. टेनर सॅक्सोफोनवाल्यासमोरच्या कागदावर पांढरी एकचा स्वर लिहिलेला असेल, तर कानाला काळी पाच ऐकू येते. आल्टोवर तोच स्वर वाजवला तर काळी दोन. म्हणजे एकाच गाण्यासाठी व्हायोलिनचा कागद वेगळा, आल्टोचा वेगळा, टेनरचा वेगळा. हे सगळे कागद आधी कुणीतरी हिशेबाने लिहून काढावे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इगर्जीची शाळा

पोर्तुगीज अमलात गावोगावच्या इगर्जींना जोडून शाळा असायच्या. तिथे प्रार्थना आणि अक्षरओळख यांच्याबरोबर संगीत शिकवलं जाई. शिकवणारा मेस्त. लदीनीला, फेस्ताला, मिस्साला गायला-वाजवायला पोरं तयार करणं हे त्याचं काम. पोरांना आधी 'सोल्फेजो', म्हणजे स्वरलिपी बघून स्वरांची नावं गात जाणं, आणि मग हातात व्हायोलिन. फुंकायची वाद्यं गावच्या बँडातून यायची.

आपल्या पद्धतीशी याची तुलना करून बघा. आपला 'सा' हलतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो काळी एकला असेल किंवा पांढरी पाचला. त्यांचा 'दो' हलत नाही, तो कायम पांढरी एकला. आपल्याकडे शिष्य गुरूच्या तोंडून ऐकून शिकतो. त्यांच्याकडे पोरगा कागदावरून शिकतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गोंयकार पोराच्या हातात अशी विद्या येई, जी त्या काळच्या हिंदुस्थानात फार थोड्यांकडे होती. कधीही न ऐकलेली चीज कागद समोर ठेवताच वाजवून दाखवायची.

या विद्येला गोव्यात गिऱ्हाईक नव्हतं. शेती तुटपुंजी, नोकऱ्या थोड्या. म्हणून ही माणसं ब्रिटिश हिंदुस्थानात गेली. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, रेल्वेचे क्लब, बोटी, सर्कशी आणि मूकपटांची थिएटरं. पडद्यावर चित्र हलायचं आणि खाली बसून चार-सहा गोंयकार वाजवायचे. 1931 मध्ये 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला आणि ही थिएटरातली भाकरी हळूहळू संपली. तोवर हॉटेलांनी दार उघडलं होतं.

कूड, ताज आणि जाझ

मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांच्या नावाने 'कूड' असायच्या. गावच्या माणसांनी चालवलेली स्वस्त बिऱ्हाडं, भिंतीला लागून पेट्या, मधे आल्तार. काम शोधायला आलेला बँडवाला इथेच उतरायचा. कुठल्या हॉटेलात जागा रिकामी आहे, कोणत्या बँडला सॅक्सोफोनवाला पाहिजे, ही बातमी कूडीतच मिळायची.

1935 साली लिऑन अॅबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय बँडप्रमुख आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आणि त्यांचे साथीदार आले. सॅक्सोफोन-क्लॅरिनेट वाजवणारा रूडी जॅक्सन त्यांच्यातलाच. तो आधी थेट ड्यूक एलिंग्टनच्या बँडात वाजवून आला होता. अमेरिकेत या कलावंतांना वर्णभेद सोसावा लागे, इथे राजेमहाराजे त्यांच्यासमोर बसून ऐकत. गोंयकार वादकांना ही मोठी शाळा मिळाली.

शाळा म्हणतो, कारण जाझचा गाभा कागदावर उतरत नाही. चाल लिहिता येते. पण ती कशी लोंबकळत ठेवायची, ठेक्याच्या किंचित मागे कसं राहायचं, आणि उभं राहून आपल्या मनाचं कसं वाजवायचं, हे ऐकूनच घ्यावं लागतं. इगर्जीच्या शाळेने कागद वाचायला शिकवलं होतं, आता कागद सोडून द्यायला शिकायचं होतं. सगळ्यांना ते जमलं नाही. ज्यांना जमलं त्यांची नावं झाली.

त्यांतले दोघे इथे सांगायला हवेत. मिकी कोरिया मोंबासाला जन्मलेले, कराचीत वाढलेले, मूळचे गोंयकार. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवत. 1939 पासून सुमारे वीस वर्षं ताजमधला बँड त्यांचा होता. दुसरे हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. ट्रम्पेट असा वाजवायचे की लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 1947 च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या त्या मध्यरात्री ताजमध्ये वाजत होते ते या दोघांचेच बँड. गोवा मात्र त्यानंतरही चौदा वर्षं पोर्तुगीजांकडेच राहिला. 1955 नंतर नाकेबंदी झाली, तेव्हा मुंबईत वाजवणाऱ्या माणसाला गावच्या फेस्ताला घरी जाणंही जिकिरीचं होऊन बसलं.

पडद्यामागची माणसं

1950 च्या आसपास मुंबई इलाख्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांच्या रात्री ओसरल्या. बँडवाले मोठ्या संख्येने वळले ते सिनेमाच्या स्टुडिओंकडे.

मघाशी म्हटलेल्या कागदांची गोष्ट इथे कामाला येते. संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवायचे, सरगमने. समोर पन्नास वादक. त्यांतले सतारिये, बासरीवाले, तबलजी कानाने उचलणारे, आणि व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेटवाले कागदावरून वाजवणारे. या दोन जगांना जोडणारा माणूस लागायचा. चाल ऐकून ती स्वरलिपीत उतरवणारा, कडव्यांमधले तुकडे रचणारा, कुठे आल्टो, कुठे टेनर, कुठे सगळे एकदम हे ठरवणारा, आणि प्रत्येक वाद्याच्या पट्टीप्रमाणे वेगळा कागद तयार करणारा. याला अरेंजर म्हणत. या कामात कित्येक वर्षं गोंयकारच पुढे होते. रेईश मागूशचे सेबास्तियांव डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड बऱ्याच संगीतकारांकडे, माजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस तर संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण द्यायचं तर सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट. 1951 च्या 'अलबेला'त भगवानदादा ज्या संगीतावर नाचले, त्यात तो ताज-कूडीचा झोत आहे. चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. चितळकरांची चाल, हळदोण्याचा ट्रम्पेट, परळच्या गिरणगावात वाढलेल्या भगवानदादांचा नाच आणि लता मंगेशकरांचा आवाज, असा तो मेळ.

मला यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते. मंगेशी आणि नेवरा यांच्यात अंतर किती? मधे खाडी, एवढंच. पण गोव्यात असताना या दोन गावांच्या संगीताची कधी गाठ पडली नसती. एक देवळाचं, एक इगर्जीचं. ती गाठ पडली मुंबईच्या स्टुडिओत. मंगेशकरांच्या गळ्यामागे सासष्टी-बार्देसची व्हायोलिनं आणि सॅक्सोफोन उभे राहिले. तबकडीच्या गोल कागदावर मात्र गायकाचं, चित्रपटाचं आणि संगीतकाराचं नाव छापलं जाई. वाजवणाऱ्यांना दिवसाची बिदागी मिळे, नाव मिळत नसे.

ब्राझची वेगळी वाट

ब्राझ गोन्साल्विस हा या वाटेवरचा पुढच्या पिढीचा माणूस. त्यांच्या पत्नी यव्होन या चिक चॉकलेट यांच्या कन्या, आणि स्वतः गायिका. म्हणजे वारसा दोन्हीकडून.

त्यांच्या उमेदीच्या काळात जाझ बदलत होता. आधीच्या जाझमध्ये वादक ठरावीक स्वरमेळांच्या साखळीवर खेळायचा. बत्तीस बारांच्या चौकटीत मेळ भराभर बदलत जातात आणि प्रत्येक मेळाला शोभेल असं काही तिथल्या तिथे रचायचं, पुन्हा पहिल्यापासून. यात रागाला जागा नाही, कारण पायाच दर दोन पावलांना सरकतो. 1959 नंतर अमेरिकेत काही वादकांनी ही साखळी सैल केली. एकाच स्वरपट्टीवर बराच वेळ राहायचं, हळूहळू फुलवत न्यायचं. आपल्या कानांना हे ओळखीचं वाटेल. जॉन कोल्ट्रेनसारखा सॅक्सोफोनवादक तर हिंदुस्थानी संगीताकडे एवढा ओढला गेला की पंडित रविशंकरांवरून त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं. सनी रोलिन्स हा दुसरा थोर सॅक्सोफोनवादक साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईला पवईच्या आश्रमात येऊन राहिला.

बाहेरचे लोक इकडे बघत होते तेव्हा इकडचा एक गोंयकार तेच काम आतून करू लागला. 1970 साली एच.एम.व्ही.ने ब्राझ यांची 'राग रॉक' ही छोटी तबकडी काढली. नाव त्या काळच्या फॅशनचं आहे, पण आतला प्रयत्न गंभीर आहे.

सॅक्सोफोनवर राग वाजवणं का कठीण, तेही सांगतो. बासरीवाला बोट अर्धवट उचलून भोक थोडं उघडतो आणि मींड काढतो. सॅक्सोफोनची भोकं मोठी, त्यांवर चामड्याच्या गाद्यांची झाकणं, आणि ती चाव्यांनी उघड-मिट होतात. म्हणजे स्वर पायऱ्या-पायऱ्यांनी ठरलेले, पेटीसारखे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर ते ओठ, जबडा आणि घसा यांच्या ताब्याने करावं लागतं. पातीवरचा दाब किंचित सैल केला की स्वर उतरतो, आवळला की चढतो. हे सुरात ठेवायला वर्षं लागतात. शिवाय जाझवाल्याची जीभ स्वर तोडून वाजवायला सरावलेली, रागाला हवा सलग श्वास.

मुंबई दारूबंदीने कोमेजली होती, कोलकात्यात तशी बंदी नव्हती. त्यामुळे तिथल्या पार्क स्ट्रीटवर सत्तरच्या दशकातही रोज रात्री बँड वाजत. ब्लू फॉक्स या रेस्टॉरंटात दार्जिलिंगचे पियानोवादक लुई बँक्स, गायिका पॅम क्रेन आणि ब्राझ एकत्र वाजवत. गोव्याच्या इगर्जीची तालीम, नेपाळी घरातला पियानो आणि अँग्लो-इंडियन आवाज, हे मिश्रण त्या काळच्या कोलकात्यातच शक्य होतं.

मग 1978 मध्ये मुंबईत पहिली 'जाझ यात्रा' झाली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबीतलावच्या रंगभवनात हा महोत्सव भरवला, आणि सनी रोलिन्स तिथे वाजवायला आला. रंगभवन आणि गोंयकारांच्या कूडी एकाच मोहल्ल्यात, चालत जाण्याच्या अंतरावर. जिथे एकेकाळी बँडवाले कामाची वाट बघत बसायचे, तिथे आता ब्राझ आणि त्यांचे साथीदार जगभरच्या श्रोत्यांसमोर आपलं इंडो-जाझ मांडत होते. 1980 च्या सुमारास लुई बँक्स, ब्राझ आणि कर्नाटक संगीताच्या गायिका रमा मणी यांचा चमू युरोपभर वाजवून आला. मणींची सरगम आणि सॅक्सोफोन एकमेकांना उत्तरं देतात, ते ऐकताना एक जुनी कोंडी फुटल्यासारखी वाटते. स्टुडिओत या दोन विद्यांच्या मधे अरेंजरचा कागद होता. इथे कागद नाही, दोघंही एकमेकांचं ऐकून बोलतात.

मंगळुरी मार्ग

तुलनेसाठी आपल्याच किनाऱ्यावरचं दुसरं उदाहरण घेऊ. मंगळूरजवळचे कद्री गोपालनाथ. वडील नागस्वरम वाजवायचे. लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि तोच धरला. त्यांनी वाद्याच्या चाव्यांत फेरफार करून त्यावर अस्सल कर्नाटक संगीत वाजवलं. 1994 मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये वाजवणारे ते पहिले कर्नाटक संगीतकार ठरले. ब्राझ जाझकडून रागाकडे आले, गोपालनाथांनी वाद्यालाच रागाकडे आणलं. दोघांच्याही मुळाशी एकोणिसाव्या शतकातला बँडच आहे, एकाचा इगर्जीचा, दुसऱ्याचा राजवाड्याचा. आपल्या बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या वाचकांनी आपापल्या संस्थानी बँडांकडे या नजरेने बघावं, असं सुचवावंसं वाटतं.

आता आपण काय करायचं

या सगळ्या इतिहासाचं दप्तर कुठे आहे? पुस्तकांपुरतं बोलायचं तर नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आणि ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' ही दोन इंग्रजी पुस्तकं मोलाची आहेत. बार्द्रॉय बारेतो यांच्या 'नाचूं-या कुंपासार' या कोंकणी चित्रपटाने क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या गाण्यांतून तो काळ पुन्हा उभा केला. मराठीत मात्र हा विषय जवळजवळ कोराच आहे, आणि ज्या गाण्यांवर आपण वाढलो त्यांचे हे अर्धे हक्कदार आहेत.

खरं दप्तर घराघरांत आहे, आणि ते झपाट्याने जातंय. तिसवाडीतल्या एका घरी मला माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत हाताने लिहिलेले वाद्यांचे कागद. वरच्या कोपऱ्यात 'दुसरा आल्टो', 'पहिला टेनर', मधे पेन्सिलीच्या खुणा, 'इथे थांब', 'इथे हळू'. निम्म्या कागदांना वाळवी लागलेली. घरातली तरुण मंडळी भली, पण हे काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात पेटी टाकून द्यायचं चाललं होतं.

असे कागद कुठे दिसले तर एवढं करा. पानांचा क्रम बदलू नका, एका दोऱ्यात असतील तर तसेच राहू द्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी दिसणारी मागची बाजूही, कारण तिथेच बऱ्याचदा तारीख, स्टुडिओ किंवा बिदागीचा हिशेब लिहिलेला असतो. कोपऱ्यातलं वाद्याचं नाव टिपून घ्या, त्यावरून बाकीचे कागद कोणाकडे असतील याचा माग लागतो. सॅक्सोफोनच सापडला तर त्याला चिंच किंवा पितांबरी लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. त्याचा क्रमांक आणि घडवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर जुनी गाणी लावून शेजारी बसा. हा तुकडा कुणी वाजवलाय असं विचारा. नाव निघालं की लगेच लिहा.

तबकडीच्या कागदावर जी नावं छापली गेली नाहीत, ती अजून काही माणसांच्या तोंडी आहेत. ती माणसं आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.